मांगरातल्या नऊ लेड-ॲसिड बॅटऱ्या एकत्र चार्ज करण्याची सुरक्षित पद्धत कोणती?

देवगडचा दर्यावर्दी :

नमस्कार मंडळी,

आमच्या कुटुंबाच्या तीन यांत्रिक नौका आहेत. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी सुरू होण्याआधी आम्ही त्या किनाऱ्यावर ओढून घेतो आणि त्यांवरच्या बॅटऱ्या उतरवून घरामागच्या मांगरात, म्हणजे सामान ठेवण्याच्या कोठीत, ठेवतो. यंदा अशा नऊ बॅटऱ्या जमल्या आहेत आणि त्या सगळ्या १२ व्होल्टच्या आहेत. दिवे, जीपीएस आणि मासे शोधण्याचे यंत्र चालवण्यासाठीच्या १५० अँपिअर-अवर क्षमतेच्या चार ट्युब्युलर, म्हणजे नळ्यांसारख्या पट्ट्यांच्या, आहेत, इंजिन सुरू करण्यासाठीच्या १०० अँपिअर-अवरच्या तीन आहेत, आणि वायरलेस संचासाठी घेतलेल्या ६५ अँपिअर-अवरच्या दोन सीलबंद आहेत, ज्यांत पाणी घालावे लागत नाही. चार ट्युब्युलरपैकी दोन गेल्या वर्षी एकाच दिवशी विकत घेतल्या आहेत. उरलेल्या दोन चार-पाच वर्षांच्या जुन्या आहेत.

चार्जर दोन आहेत. एक वडिलांच्या काळातला, ट्रान्सफॉर्मरचा, २० अँपिअरपर्यंत जाणारा आणि काट्याचा मीटर असलेला. तो आपोआप बंद होत नाही. दुसरा १५ अँपिअरचा स्वयंचलित आहे, जो तीन टप्प्यांत चार्ज करतो आणि बॅटरी भरली की हिरवा दिवा लावतो.

हा प्रश्न विचारण्यामागे एक कारण आहे. गेल्या जुलैत माझ्या धाकट्या भावाने रात्रभर चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा चिमटा सकाळी चार्जर चालू असतानाच काढला. ठिणगी पडली आणि बॅटरीचा वरचा भाग मोठ्या आवाजाने फुटला. ॲसिड त्याच्या गालावर आणि मानेवर उडाले. आईने पागोळ्याखाली ठेवलेल्या पिंपातले पाणी रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्या तोंडावर ओतत ठेवले, म्हणून डोळे वाचले. गालावरचा डाग मात्र राहिला आहे.

आता मला तीन जणांनी तीन सल्ले दिले आहेत. एकाच्या मते नऊही बॅटऱ्यांचे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडून जुन्या चार्जरवर आठवडाभर ठेवाव्यात. दुसऱ्याच्या मते चार्जिंगच्या दुकानात जशा एकामागे एक, सिरीजमध्ये जोडतात, तसे करावे. तिसरा म्हणतो की प्रत्येक बॅटरीला वेगळा चार्जर असल्याशिवाय हे काम करूच नये. मांगर १० फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच आहे, भिंती चिऱ्याच्या आहेत, खिडकी एक असून ती पावसामुळे बंद असते, आणि कौले गळतात म्हणून खालून प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवलेला आहे. कृपया जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन करावे.

निवृत्त तारायंत्री :

आपल्या भावाचे डोळे वाचले हे वाचून जीव भांड्यात पडला. आपल्या मातोश्रींनी त्या क्षणी जे केले तेच योग्य होते.

मी दूरध्वनी केंद्राच्या बॅटरी खोलीत बरीच वर्षे काम केले आहे. तिथे २ व्होल्टचे २४ सेल सिरीजमध्ये जोडून ४८ व्होल्टचा संच केलेला असे. ते सगळे सेल एकाच क्षमतेचे आणि एकाच वेळी आलेले असत, आणि तरीही प्रत्येक सेलचे व्होल्टेज व ग्रॅव्हिटी (ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा) ठरावीक दिवसांनी वहीत नोंदवावी लागे. एवढी काळजी घेण्याचे कारण असे की चार्जरला बॅटऱ्या दिसत नाहीत. त्याला फक्त स्वतःची दोन टोके दिसतात. त्या टोकांच्या पलीकडे एक बॅटरी आहे की नऊ, त्यांतली कोणती भरली आहे आणि कोणती उकळते आहे, हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

आता पहिला सल्ला, म्हणजे नऊही बॅटऱ्या पॅरलल जोडण्याचा, तपासून पाहू. पॅरलल जोडल्यावर सगळ्यांवर व्होल्टेज एकच येते, पण करंट सारखा वाटला जात नाही; ज्या बॅटरीचा अंतर्गत रोध कमी आणि जी अधिक रिकामी, ती अधिक ओढते. शिवाय जोडण्याच्या क्षणीच धोका असतो. भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टवर आणि रिकामी ११.९ वर असेल, तर फरक केवळ ०.८ व्होल्टचा दिसतो. परंतु दोन्ही बॅटऱ्यांचा आणि तारेचा मिळून रोध ०.०२ ओहमच्या आसपास असतो, म्हणजे चार्जर लावण्याआधीच त्या तारेतून ४० अँपिअरच्या घरात करंट वाहू लागतो. बारीक तार असेल तर तिचे वेष्टण वितळते.

याहून गंभीर प्रकार म्हणजे एखाद्या बॅटरीतला एक सेल आतून शॉर्ट होणे, जे जुन्या बॅटरीच्या बाबतीत अगदी नेहमीचे आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत २ व्होल्टचे सहा सेल असतात, त्यामुळे अशी बॅटरी १२ व्होल्टची राहत नाही, ती १० व्होल्टची होते. ती एकटी चार्जरवर असती, तर चार्जर आपल्या मर्यादेइतकाच करंट देऊ शकला असता. परंतु ती इतर आठ धडधाकट बॅटऱ्यांना जोडलेली असेल, तर त्या आठही आपापला साठा तिच्यात ओततात आणि हा करंट १०० अँपिअरच्या वर सहज जातो. त्यातून ती थोडी सावरली आणि चार्जरने १३.८ व्होल्ट धरून ठेवले, तर तो भार सहाऐवजी पाच सेलांवर पडतो, म्हणजे दर सेलला २.७६ व्होल्ट. सेलमधून गॅस सुटायला साधारण २.४ व्होल्टलाच सुरुवात होते. म्हणजे चार्जरच्या दृष्टीने सगळे व्यवस्थित चाललेले असताना कोपऱ्यातली एक बॅटरी रात्रभर उकळत राहते, फुगते आणि मांगर गॅसने भरते. पॅरलल जोडणीत प्रत्येक बॅटरीच्या प्लस टोकालगत स्वतंत्र फ्यूज असावा असा जो आग्रह धरला जातो, तो याच प्रसंगासाठी.

तिसरी अडचण बॅटऱ्यांच्या जातीची आहे. ट्युब्युलर बॅटरी पूर्ण भरल्यावर तिच्या ॲसिडची ग्रॅव्हिटी साधारणपणे १२४० (म्हणजे १.२४०) असते, तर इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीची १२८० (म्हणजे १.२८०) पर्यंत. ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवले की सेलचे स्थिर व्होल्टेज जवळपास मिळते. या हिशेबाने पूर्ण भरलेली ट्युब्युलर १२.५ च्या आसपास स्थिरावते आणि पूर्ण भरलेली इंजिनची बॅटरी १२.७ वर. म्हणजे दोन्ही भरलेल्या असूनही त्या एकमेकींशी समतोल नसतात आणि जोडून ठेवल्यास एक दुसरीत रिती होत राहते. शिवाय ट्युब्युलरला अधूनमधून १५ व्होल्टच्या वरचा चार्ज देऊन तिचे सेल समान करून घ्यावे लागतात. तोच चार्ज सीलबंद बॅटरीला दिला तर तिच्यातले पाणी झडपेतून निघून जाते आणि ते परत घालण्याची सोय नसते.

सिरीजमध्ये करंट सगळ्यांतून एकच वाहतो, त्यामुळे वाटणीचा प्रश्न येत नाही. परंतु ६५ अँपिअर-अवरची बॅटरी भरून गेली तरी १५० ची बॅटरी अर्धीच असते, आणि लहान बॅटरी नाइलाजाने तोच करंट घेत राहते. दोन बॅटऱ्यांना मिळून २४ व्होल्टचा चार्जर २८.८ व्होल्ट देतो तेव्हा वाटणी १४.४ आणि १४.४ अशीच होईल, याची कोणतीही हमी नसते, ती १३.६ आणि १५.२ अशीही असू शकते, आणि मग पहिली कायम उपाशी व दुसरी कायम भाजलेली राहते.

जुन्या चार्जरविषयीही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अशा चार्जरचे व्होल्टेज घरातल्या विजेप्रमाणे वरखाली होते. गावात रात्री भार कमी झाला की पुरवठा २५० व्होल्टपर्यंत चढतो आणि संध्याकाळी ८ अँपिअरवर लावलेला काटा मध्यरात्री १२ वर दिसतो. माणूस समोर असतानाच तो वापरावा आणि त्याला वेळ संपल्यावर वीज तोडणारा टायमर लावावा.

माझे मत असे की नऊ बॅटऱ्या एकाच खोलीत चार्ज करायला हरकत नाही, पण त्या एकमेकींना जोडू नयेत. त्यातल्या त्यात गेल्या वर्षी एकाच दिवशी घेतलेल्या दोन ट्युब्युलर तेवढ्या जोडता येतील. त्यासाठी आधी दोन्ही स्वतंत्रपणे पूर्ण चार्ज करून काही तास तशाच ठेवाव्यात आणि त्यांच्या व्होल्टेजमध्ये ०.१ पेक्षा कमी फरक असेल तरच त्यांना पॅरललमध्ये आणावे. चार्जरचा प्लस पहिल्या बॅटरीवर आणि मायनस दुसऱ्या बॅटरीवर, असा कर्णाच्या दिशेने घ्यावा, म्हणजे दोन्हींच्या वाट्याला सारख्याच लांबीची तार येते.

मिरजेचा चार्जिंगवाला :

तारायंत्री काकांनी सिरीजविषयी जे लिहिले आहे ते खरे आहे, परंतु आमच्या दुकानात आजही आठ-आठ बॅटऱ्या सिरीजमध्ये लागतात, त्यामुळे ते कसे चालते हे सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. नाहीतर दुकानात होते तर घरी का नाही, असा प्रश्न कुणाच्याही मनात राहील.

दुकानातला चार्जर व्होल्टेज धरून ठेवत नाही, तो करंट धरतो. आम्ही रांगेतल्या सगळ्यात लहान बॅटरीला झेपेल एवढाच करंट ठेवतो, साधारणपणे तिच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्शाइतका, आणि बॅटरी गॅस सोडू लागली की तो निम्म्यावर आणतो. त्यानंतर दर तासाला प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी हायड्रोमीटरने घेतो. लागोपाठ तीन तास ग्रॅव्हिटी आणि व्होल्टेज तेच राहिले की ती बॅटरी भरली असे समजून, आधी चार्जर बंद करून, तिला रांगेतून बाहेर काढतो आणि उरलेल्यांची रांग पुन्हा जोडतो. रांगेत पाणी न घालता येणारी सीलबंद बॅटरी आम्ही कधीही घेत नाही. म्हणजे या पद्धतीत जे काम यंत्राने करायला हवे ते माणूस दिवसभर उभा राहून करतो, आणि संध्याकाळी दुकान बंद करताना चार्जरही बंद होतो.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. आठ बॅटऱ्या भरत आल्या की प्रत्येकीवर १६ व्होल्टपर्यंत चढतात, म्हणजे रांगेच्या दोन टोकांमध्ये १२८ व्होल्ट डीसी असतात. हा धक्का जीवघेणा ठरू शकतो. त्यातही काही जुन्या चार्जरमध्ये करंट कमी-जास्त करण्यासाठी जो ट्रान्सफॉर्मर वापरलेला असतो, त्याने घरातली वीज आणि बॅटरीची बाजू एकमेकींपासून तुटलेली नसते. अशा चार्जरवर रांगेतल्या एकाच टोकाला हात लागला आणि पाय ओल्या जमिनीवर असला तरी विजेचा थेट धक्का बसतो. कोकणातल्या पावसात, मातीच्या किंवा सिमेंटच्या ओल्या जमिनीवर हे करण्याचा विचारही कृपया करू नये. दुकानात आमच्या पायांखाली रबरी चटई असते आणि चार्जरमध्ये दोन्ही बाजू पूर्णपणे वेगळ्या करणारा ट्रान्सफॉर्मर असतो.

आपल्या दोन चार्जरविषयी थोडेसे. १५० च्या बॅटरीला १५ अँपिअरचा चार्जर अगदी बरोबर आहे. १०० च्या बॅटऱ्या जुन्या चार्जरवर १० अँपिअरपेक्षा कमी ठेवून, समोर बसून कराव्यात. सीलबंद ६५ साठी मात्र ५ ते ६ अँपिअरचा, सीलबंद बॅटरीची सोय असलेला एक छोटा स्वयंचलित चार्जर घ्यावा आणि व्होल्टेजची मर्यादा बॅटरीच्या अंगावर छापलेली असते तीच पाळावी.

प्रयोगशाळेतील ताई :

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. जोडणीविषयी वर उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी फक्त गॅसविषयी लिहिते.

धागाकर्त्यांच्या घरी जो स्फोट झाला तो मांगरातल्या हवेचा नव्हता, तो बॅटरीच्या पोटातला होता, आणि हा भेद लक्षात घेणे फार महत्त्वाचे आहे. बॅटरी भरल्यानंतर चार्जिंग चालू राहिले की पाण्याचे विघटन होऊन दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन तयार होतो. ॲसिडच्या पातळीच्या वर आणि झाकणाच्या खाली जी थोडी पोकळी असते तिथे हेच मिश्रण साठते, आणि ज्वलनासाठी याहून नेमके प्रमाण दुसरे नाही. त्यामुळे खोलीच्या चारही खिडक्या उघड्या असत्या तरी टर्मिनलवर पडलेल्या त्या ठिणगीने बॅटरी फुटलीच असती. यावर वायुवीजन हा उपाय नाही. कामाचा क्रम हाच उपाय आहे. लावताना आधी चिमटे आणि मग वीज, काढताना आधी वीज बंद, मग किमान १५ ते २० मिनिटे थांबणे आणि त्यानंतर चिमटे. वीज बंद केल्यावरही काही वेळ बुडबुडे येत राहतात, म्हणून हा थांबा आवश्यक आहे.

खोलीतल्या हवेचा धोका वेगळा आहे आणि त्याचा हिशेब करता येतो. भरलेल्या सेलमधून १ अँपिअर १ तास वाहिला की सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन सुटतो. आपल्या नऊ बॅटऱ्यांचे मिळून ५४ सेल होतात. समजा त्या सगळ्या भरलेल्या आहेत आणि कुणी त्यांना प्रत्येकी ५ अँपिअरवर विसरून गेले, तर तासाला सुमारे ११३ लिटर हायड्रोजन तयार होईल. आपल्या मांगरात ९०० घनफूट, म्हणजे सुमारे २५,५०० लिटर हवा मावते. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ती पेट घेऊ शकते, आणि इथे ४ टक्के म्हणजे १,०२० लिटर. भागाकार केला तर उत्तर ९ तास येते. रात्री नऊला लावून सकाळी सहाला दिवा लावायला आत जाणे, एवढाच हा काळ आहे. सीलबंद बॅटऱ्या नीट चालत असतील तर त्यांचा बहुतांश गॅस आतच परत पाण्यात रूपांतरित होतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी येईल. पण दुसरी बाजू अशी की हा हिशेब गॅस खोलीभर सारखा पसरतो असे धरून केला आहे, आणि हायड्रोजन हवेपेक्षा फार हलका असल्यामुळे कोंडलेल्या खोलीत तो आधी वरच जमतो. कौलांच्या फटींतून तो आपोआप निघून गेला असता. आपण खालून ताणलेल्या प्लॅस्टिकने त्याच्यासाठी पिशवीच तयार करून ठेवली आहे. तो कागद कृपया पहिल्यांदा काढावा, आणि गळतीवर उपाय कौलांच्या वरून करावा.

समाधानाची गोष्ट अशी की हा गॅस बाहेर घालवण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. हायड्रोजनचे प्रमाण १ टक्क्याच्या खाली ठेवायचे तर तासाला ११ ते १२ घनमीटर हवा बदलली तरी पुरते, म्हणजे मांगरातली निम्मी हवासुद्धा नव्हे. भिंतीत जमिनीलगत एक आणि समोरच्या भिंतीत अगदी छताजवळ एक, अशी एकेक चौरस फुटाची दोन भोके जाळी बसवून ठेवली, तर वाऱ्याने आणि उष्णतेने हे काम आपोआप होते. पंखा लावायचाच असेल तर तो खालून स्वच्छ हवा आत ढकलणारा असावा. साध्या मोटरचा पंखा वर बसवून गॅस त्यातून ओढून घेणे धोक्याचे आहे, कारण मोटरमध्ये ठिणगी पडू शकते. याच कारणाने बटणे आणि प्लग दाराबाहेर असावेत. आपण लिहिले नाही, पण अनेक मांगरांत जाळी आणि डिझेलचे कॅनही ठेवलेले असतात. तसे असेल तर ते दुसरीकडे हलवावेत.

काम करताना डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत, बोटातली अंगठी आणि गळ्यातली साखळी काढून ठेवावी, आणि पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळावी. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर फक्त स्वच्छ पाणी वापरावे आणि डोळे उघडे धरून किमान २० मिनिटे धुऊन मग रुग्णालय गाठावे. खाण्याचा सोडा जमिनीवर सांडलेल्या ॲसिडसाठी आहे, तो त्वचेवर किंवा डोळ्यांवर मुळीच टाकू नये.

किनाऱ्यावरच्या सगळ्यांसाठी आणखी एक सांगते. बॅटरी समुद्राच्या पाण्याने धुऊ नये. मिठाचे पाणी सेलमध्ये शिरले आणि चार्जिंग सुरू झाले तर त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि तो बंद खोलीत श्वासातून गेला तर फुप्फुसांना इजा करतो. बॅटरी वरून ओल्या फडक्याने, गोड्या पाण्याने पुसावी.

देवगडचा दर्यावर्दी :

काका, दादा आणि ताई, आपण तिघांनी इतका वेळ दिलात याबद्दल मनापासून आभारी आहे. ताईंचा नऊ तासांचा हिशेब मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. प्लॅस्टिकचा कागद आजच काढला आहे, आणि डिझेलचे तीन कॅन खरोखरच त्याच मांगरात होते, तेही बाहेर हलवले आहेत.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली अशी की एकेक बॅटरी चार्ज करायची तर नऊ बॅटऱ्यांना फार दिवस लागतील. नारळी पौर्णिमेच्या सुमारास नौका पुन्हा लोटायची वेळ येते तेव्हा सगळ्या एकदम भरलेल्या हव्या असतात. दुसरी अशी की आईच्या म्हणण्याप्रमाणे बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, म्हणून आम्ही फळ्या वापरतो. त्यात तथ्य आहे का?

निवृत्त तारायंत्री :

घाई आहे असे वाटते, पण कॅलेंडर पाहिले तर ती नाही. बंदीचा काळ दोन महिन्यांचा आहे. एका बॅटरीला पूर्ण दिवस धरला, तरी तीन चार्जरवर नऊ बॅटऱ्या तीन-चार दिवसांत होतात, आणि तेही फक्त दिवसा, माणसे जागी असताना. उतरवल्यावर लगेच पहिल्या आठवड्यात सगळ्या एकदा पूर्ण भरून घ्याव्यात, कारण अर्धवट रिकामी बॅटरी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते आणि क्षमता परत येत नाही. त्यानंतर महिन्यातून एकदा प्रत्येकीला काही तासांचा चार्ज पुरतो, कारण नुसती ठेवलेली बॅटरी हळूहळूच उतरते. अशी काळजी घेतली तर नौका लोटण्याच्या आठवड्यात प्रत्येक बॅटरी जवळपास भरलेलीच असेल आणि एका दिवसात तीन-चार बॅटऱ्या सहज तयार होतील. सगळ्या एकदम जोडण्याची गरज मुळात शेवटच्या क्षणापर्यंत थांबण्यातून निर्माण होते.

नऊही बॅटऱ्यांवर रंगाने क्रमांक घालावेत आणि एका वहीत तारीख, चार्ज करण्याआधीचे व नंतरचे व्होल्टेज आणि ग्रॅव्हिटी लिहावी. त्या वहीतूनच पुढच्या वर्षी कोणती बॅटरी मान टाकणार आहे, हे आधी कळते.

मिरजेचा चार्जिंगवाला :

आईंचे म्हणणे त्यांच्या काळातल्या बॅटऱ्यांसाठी निराधार नव्हते. तेव्हा बॅटरीचे खोके कडक रबराचे असत, ते झिरपत आणि ओल्या जमिनीतून थोडा करंट गळत असे. आजचे खोके पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्यांना सिमेंटचे भय नाही. तरीही फळ्या राहू द्याव्यात, कारण खालून हवा खेळते आणि जमिनीची ओल लागत नाही. दोन बॅटऱ्यांमध्ये चार बोटे अंतर ठेवावे. चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या अंगाला हात लावून पाहावा. हात टेकवत नसेल तर चार्जर बंद करून तिला निवू द्यावे. आणि डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालावे, आधी नव्हे, कारण चार्ज होताना पातळी चढते आणि ॲसिड झाकणातून बाहेर येते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढेच पाणी आधी घालून घ्यावे.

काकांनी सांगितलेल्या वहीची सुरुवात आजच करावी आणि ट्युब्युलर बॅटऱ्यांच्या सगळ्या सेलांची ग्रॅव्हिटी इथे लिहावी.

देवगडचा दर्यावर्दी :

तीन दिवसांनी परत येत आहे. चारही ट्युब्युलर वेगवेगळ्या चार्ज केल्या आणि एक रात्र तशाच ठेवून आज सकाळी ग्रॅव्हिटी घेतली. नव्या दोन्ही बॅटऱ्यांचे सगळे सेल १२३५ ते १२४० आहेत. जुन्यांपैकी एकीचे १२२० च्या आसपास आहेत. दुसरीचे आकडे मात्र असे आहेत: १२२५, १२३०, १२२०, ११३०, १२२५, १२३०. ही तीच बॅटरी आहे जी आम्ही गेल्या हंगामात नव्या बॅटरीला जोडून वापरत होतो, आणि ती नवी बॅटरी सारखी का उतरते हे कोणालाच कळत नव्हते.

मिरजेचा चार्जिंगवाला :

उत्तर आपल्या चौथ्या आकड्यात आहे. एकाच बॅटरीतल्या सेलांमध्ये ५० अंशांहून अधिक फरक पडला की तो सेल आजारी समजतात, आणि इथे तो ९० च्या पुढे आहे. एक शेवटची परीक्षा करावी. ही बॅटरी एकटीच ७ अँपिअरवर लावावी, हवा खेळती ठेवावी, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि बाकीचे सेल बुडबुडे सोडू लागल्यानंतर आणखी तीन तास तिच्याजवळच थांबावे. या काळात चौथा सेलही गॅस सोडू लागला आणि त्याची ग्रॅव्हिटी चढली, तर तो फक्त मागे पडलेला आहे. तो शांतच राहिला तर आतून शॉर्ट झालेला आहे, आणि मग ही बॅटरी कोणत्याही बॅटरीला कधीही जोडू नये.

तसे निघाले तर ती घरी फोडू नये आणि तिचे ॲसिड खाडीत किंवा परड्यात ओतू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार संपलेली बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्या अधिकृत ठिकाणी देणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत दिली की शिशाची किंमतही वजा होऊन मिळते.

देवगडचा दर्यावर्दी :

दादा, चौथा सेल तीन तासांनंतरही शांत होता. बाकी पाच सेल उकळी फुटल्यासारखे बुडबुडत होते. बॅटरीवर लाल फुली मारून ती दाराबाहेर ठेवली आहे, उद्या कणकवलीला जाणाऱ्या टेंपोतून दुकानात परत जाईल. भिंतीत खाली आणि वर भोके पाडून झाली आहेत, बटणांचा बोर्ड उद्या वायरमन बाहेर काढून देणार आहे. चार्जर बंद केल्यावर वीस मिनिटे थांबायचे, हा नियम भावाने स्वतःच्या हाताने खडूने मांगराच्या दारावर लिहिला आहे.